गोळी कशाबरोबर घेता?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या दिवसांत, एका सायंकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपून आम्ही खोलीत परतलो, तोच आमच्या शाळेतील नववीच्या तिघी मुली ओल्या छत्र्या घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तालुक्याच्या विज्ञान-प्रदर्शनात त्यांस काही मांडावयाचे होते. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून मुख्याध्यापिका सिस्टरांनी त्यांस आमच्याकडे धाडले होते. सेमिनरीत पाऊल टाकण्यापूर्वी आम्ही महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलो होतो, ही गोष्ट सिस्टरांच्या ध्यानात कशी राहिली कोण जाणे. आम्ही स्वतः ती बव्हंशी विसरलो होतो.

आम्ही आपले नेहमीचेच सुचविले: पवनचक्की, पाणी गाळण्याचे यंत्र, सोडा व व्हिनेगर ह्यांचा ज्वालामुखी. दोघींनी माना डोलावल्या. तिसरी मात्र छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढीत उभी होती. ती एकाएकी म्हणाली, "फादर, माणूस रोज गोळी घेतो आणि तरी त्याचे रक्त वाढत नाही, असे होऊ शकते का?"

प्रश्न कोणाचा होता हे आम्ही ओळखले, आणि ओळखताच आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. तिची आई पुन्हा गरोदर होती. दवाखान्यात तिचे हिमोग्लोबिन आठाच्या वर काही केल्या चढेना. गरोदर स्त्रियांस सरकारकडून ज्या तांबड्या गोळ्या मिळतात, ज्यांत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, त्या गोळ्या ही बाई घेतच नाही, केराच्या टोपलीत टाकते, असा तेथील लोकांनी समज करून घेतला होता. तो समज आमच्याही कानांवर आला होता आणि आम्ही कसलीही चौकशी न करता, एका रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर तिला म्हणालो होतो, "बाई, पोटातल्या लेकराचा तरी विचार करा." तिने काहीच उत्तर दिले नव्हते. ती मुलगी त्या वेळी आईचा पदर धरून शेजारीच उभी होती.

"आई गोळी रोज घेते," मुलगी म्हणाली. "मीच देते तिला. सकाळी, चहाबरोबर. पाण्याबरोबर घेतली की तिला मळमळते."

अशा रीतीने विषय ठरला. अन्न व औषध ह्यांचा परस्परांवर काय परिणाम होतो, ह्या भल्या मोठ्या विषयाचे एक लहानसे टोक आम्ही धरले: चहा आणि लोहाची गोळी.

मुलींची पहिली कल्पना अगदी सरळ होती. वर्गातील दहा मुलींनी सोमवारची निळी गोळी चहाबरोबर घ्यावी, दहाजणींनी पाण्याबरोबर घ्यावी, आणि तीन महिन्यांनी सर्वांचे रक्त तपासावे. (शाळकरी मुलामुलींस आठवड्यातून एकदा देण्याची ती निळी गोळी वाचकांच्या घरांतही येत असेल.) ऐकावयास हा प्रयोग उत्तम, परंतु आम्ही तो तेथेच मोडून काढला. ज्या गोष्टीने अपाय होईल असा आपल्यास संशय आहे, तीच गोष्ट दहा मुलींस मुद्दाम करावयास सांगावयाची, हे विज्ञानाच्या नावाखालीही करता येत नाही. माणसांवर प्रयोग करावयाचा तर तज्ज्ञांच्या समितीची संमती लागते, आणि वयाने लहान असलेल्यांच्या बाबतीत आईबापांची परवानगी व मुलांचा स्वतःचा होकार अशी दोन्ही लागतात. तिघी हिरमुसल्या. प्रयोगाची आखणी म्हणजे पुष्कळशी 'हे करावयाचे नाही' ह्याची यादी असते, हे त्यांस त्या दिवशी प्रथमच कळले असावे.

मग आम्ही त्यांस देवळाच्या कचेरीत नेले आणि कपाटातील बाप्तिस्म्याची सर्वांत जुनी वही उघडून दाखविली. तिची अक्षरे आज तपकिरी झाली आहेत, आणि जेथे लेखणी जड टेकली तेथे कागद जळल्यासारखा होऊन जाळी पडली आहे. ती शाई लोहाची. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि माजूफळासारख्या तुरट फळांतील टॅनिन ही दोन एकत्र आली, हवा लागली, की काळी शाई तयार होते. युरोपातील मठांपासून गोव्याच्या देवळांपर्यंत शतकानुशतके जन्म, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदी अशाच शाईने झाल्या. आपल्याकडे हिरडा व हिराकस ह्यांनी कापड काळे रंगवीत, तेही ह्याच जातीचे. आता गोळीतील लोह बहुधा फेरस सल्फेटच्याच रूपात असते, आणि चहाच्या तुरटपणाचे कारण त्यातील टॅनिनवर्गीय द्रव्ये. ती मुलगी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आई रोज सकाळी शाई पिते?"

हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे असा बाकीच्या दोघींचा आग्रह पडला. आम्ही नको म्हटले. ते सिद्ध व्हावयाचे होते.

पहिल्या दिवशीचा प्रयोग फसला. मुलींनी निळी गोळीच पाण्यात विरघळविली, आणि तिच्या वेष्टनाचा रंग उतरून सगळे पाणी निळे झाले. त्यात चहा काय काळा पडणार आणि कोणास दिसणार! मग शाळेच्या प्रयोगशाळेतील हिराकस घेतला. दुसरी अडचण चहाचीच. चहा मुळात तांबूस, तेव्हा मिश्रण गडद दिसले तर ते लोहामुळे की चहामुळे? म्हणून तुलनेसाठी नळ्या हव्यात: एकीत लोह व साधे पाणी, दुसरीत चहा व साधे पाणी, तिसरीत लोह व चहा. सर्वांत द्रव सारखाच, चहा एकाच भांड्यातील, तितकाच वेळ उकळलेला व निवविलेला. पुढे कॉफी, दुधाचा चहा, ताक व लिंबूपाणी ह्यांच्या नळ्या वाढल्या. सोलकढीही घालावी असे एकीस वाटत होते. परंतु तिच्या गुलाबी रंगापुढे कोणाचेच काही चालले नसते.

लोह व चहा ह्यांची नळी पाहता पाहता जांभळट काळी झाली. मुलींनी टाळ्या पिटल्या. दुधाच्या चहाला राखी कळा आली, आणि ती किती गडद म्हणावी ह्यावर भांडण सुरू झाले. ज्या मुलीला चहाच गुन्हेगार ठरावयास हवा होता, तिला प्रत्येक नळी थोडी अधिकच काळी दिसत होती. त्यात तिचा दोष नव्हता. डोळा मनाचे ऐकतो. तेव्हा असे ठरले की नळ्यांवर केवळ आकडे चिकटवावयाचे, आणि ज्या मुलीने त्या भरल्या नाहीत तिने पाठ फिरवून उभे राहावे, मग वळून शून्यापासून पाचापर्यंत गडदपणा लिहावा. सर्व प्रयोग तीन वेळा करावयाचा. मोठमोठ्या औषधांच्या चाचण्यांतही हाच कावा करतात. रोग्यास व वैद्यास कोणती गोळी खरी ते कळू देत नाहीत.

परंतु काळे झालेले पाणी पाहून आमच्या मनात एक शंका शिरली. पोटात आम्ल असते. आम्ही मुलींस काळ्या नळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावयास सांगितले. हातमोजे व चष्मा आम्ही सक्तीने घालविले होते. काळेपणा फिका होत होत जवळजवळ नाहीसा झाला. तिघींचे चेहरे त्या नळीबरोबरच उतरले. आमच्या प्रश्नकर्त्या मुलीच्या डोळ्यांत तर पाणी तरळले. आठ दिवसांची मेहनत गेली, आणि त्यापेक्षाही, आईचा साक्षीदार उलटला!

त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही हे कबूल करतो. पहाटे आठवले की लोह पोटात शोषले जात नाही. ते मुख्यतः त्याच्या पुढच्या भागात, लहान आतड्याच्या आरंभी शोषले जाते, आणि तेथे पोहोचेपर्यंत आम्लाची धार मोडलेली असते. शाळा सुटल्यावर फिक्या झालेल्या नळीत चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालविला. फेस आला, ओसरला, आणि खाली काळेपणा पुन्हा परतला.

तरीसुद्धा नळी ती नळीच. तिला ना आतडे ना रक्त. नळीत काय दिसले हे मुलींनी सांगावे, आणि माणसांत काय घडते हे ज्यांनी रीतसर मोजले त्यांचे म्हणणे शेजारी वेगळे लिहावे, असे आम्ही ठरविले. चहाने लोहाचे शोषण घटते हे १९७५ साली मोजून प्रसिद्ध झाले. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मांसाच्या जेवणाबरोबर एक पेला कॉफी घेतली असता लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहा घेतला असता ६४ टक्क्यांनी कमी झाले. त्यातील खरी मौज पुढे आहे. कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतली तर काही बिघडले नाही. परंतु एक तासानंतर घेतली तर जेवणाबरोबर घेतल्याइतकेच नुकसान झाले. जेवून हात धुतल्यावर चहाची आठवण होणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा आकडा महत्त्वाचा. उलट, लिंबू वा आवळा ह्यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते.

प्रकल्पाचा दुसरा भाग घरोघर विचारपूस करण्याचा. येथे आम्ही मुलींपेक्षा अधिक धास्तावलो होतो, कारण लहान गावात कोणाच्या घरी कसली गोळी आहे ही माहिती म्हणजे पेटती काडी. नियम कडक केले. नाव लिहावयाचे नाही. रोग विचारावयाचा नाही. गोळीला हात लावावयाचा नाही. घरातील वडील माणसांनी संमती दिली तरच बसावयाचे. आणि सर्वांत मोठा नियम: कोणासही 'ही गोळी अशी घेऊ नका' असे सांगावयाचे नाही, शंका वाटली तर 'डॉक्टरांस विचारा' एवढेच. नेमके प्रश्न तीन: गोळी केव्हा घेता, कशाबरोबर घेता, आणि हे तुम्हांस कोणी सांगितले?

प्रश्न विचारण्याचा सराव मुलींनी आमच्यावर केला. वही घेऊन त्या समोर बसल्या.

"फादर, गोळी केव्हा घेता?"

"सकाळी मिस्सा झाल्यावर."

"कशाबरोबर घेता?"

"कॉफीबरोबर," आम्ही म्हणालो. मुलीने मान वर न करता ते लिहून घेतले.

आम्हांस थायरॉइडचा विकार आहे. तीन वर्षे गोळी चालू होती आणि डॉक्टरांनी तिचे प्रमाण दोनदा वाढविले होते, तरी रक्ताचा अहवाल मार्गावर येईना. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या निदान अर्धा तास ते एक तास आधी घ्यावयाची असते. कॉफीने तिचे शोषण मंदावते हे २००८ सालच्या एका इटालियन अभ्यासाने दाखवून दिले आहे. मग आम्ही ती पहाटे का घेत नव्हतो? तर लहानपणी आजीने मनावर कोरले होते की ख्रिस्तप्रसादापूर्वी तोंडात काही जाता कामा नये. वस्तुतः आजीच्या काळचा तो मध्यरात्रीपासूनचा उपास केव्हाच सैल झाला आहे. १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे ठरविले, १९५७ साली त्यांनीच तो तीन तासांवर आणला, १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी एक तासावर. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९१९ वे कलम पाणी व औषध ह्यांस स्पष्ट मुभा देते, आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांस तर त्या तासाचेही बंधन ठेवीत नाही. हे कलम आम्ही सेमिनरीत पाठ करून परीक्षेत उतरविले होते. वेदीवरून ते लोकांस एकदाही समजावून सांगितले नव्हते, आणि स्वतःही पाळले नव्हते. पुढे आमच्या विचारपुशीत कितीतरी म्हाताऱ्या आयांचे उत्तर आले: "रविवारची गोळी मिस्सा झाल्यावर, चहाबरोबर." तिसऱ्या प्रश्नास, म्हणजे 'कोणी सांगितले' ह्यास, एकीने दिलेले उत्तर मुलींनी जसेच्या तसे लिहून आणले होते: "फादरांनी सांगितलेच नाही."

डॉक्टरांस आम्ही खरे काय ते सांगितले. ते हसले, परंतु आता गोळी पहाटे पाण्याबरोबर घेऊ लागल्यावर वाढविलेले प्रमाण अधिक होईल, तेव्हा सहा आठवड्यांनी रक्त पाहून ते ठरवू, असे म्हणाले. पुढे त्यांनी ते उतरविले. वाचकांपैकी कोणी हे वाचून उद्यापासूनच आपली वेळ बदलणार असेल, तर त्याने आधी डॉक्टरांस सांगावे. गोळी चांगली लागू लागली म्हणजेही घोटाळा होऊ शकतो.

फलकाच्या एका कडेला मुलींनी ह्या विषयाच्या दोन-तीन कथा लिहिल्या. १९४८ साली जाहीर झालेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले औषध; ते ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत निघाले तिच्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पुढे कळून आले की ह्या कुळातील औषधे दुधाबरोबर घेतली तर दुधातील कॅल्शियम त्यांस बांधून ठेवते. औषध कडू म्हणून लेकराला दुधातून देणारी माया येथे आड येते. दुसरी कथा कॅनडातील. १९८९ साली डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी मद्य आणि रक्तदाबाचे एक औषध ह्यांचा संबंध तपाशीत होते. मद्याची चव झाकावी म्हणून त्यांनी त्यात ग्रेपफ्रूटचा रस घातला, आणि औषधाचे रक्तातील प्रमाण भलतेच चढले. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता: आतड्याच्या भिंतीत औषध मोडून टाकणारे जे द्रव्य असते त्याला तो रस निकामी करतो. येथे चहाच्या उलट प्रकार झाला. औषध कमी नव्हे, अधिक शोषले गेले. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे नाही, परंतु त्याच्या वंशात आपले पपनस आहे, आणि परसातल्या पपनसातही ती द्रव्ये असतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी व पालेभाजी ह्यांचीही कथा होती. तेथे मुलींनी 'भाजी खाऊ नये' असे लिहिले होते. आम्ही ते खोडून 'रोजचे प्रमाण सारखे ठेवावे, डॉक्टरांस न विचारता बदल करू नये' असे लिहविले. भाजी सोडून कोणाचे भले झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

दरम्यान त्या मुलीच्या आईस सिस्टर स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. तेव्हा असेही निघाले की लोहाची तांबडी गोळी व कॅल्शियमची गोळी ती बाई एकाच घोटात घेत होती. ह्या दोहोंत निदान दोन तासांचे अंतर हवे, कारण कॅल्शियमही लोहाच्या आड येते. ते तिला कोणी सांगितले नव्हते. गोळ्या घेतेस की नाही, एवढेच प्रत्येकाने विचारले होते. मळमळ टाळण्यासाठी लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर काही वेळाने, लिंबूपाण्याबरोबर घेण्याचे ठरले. कॅल्शियम दिवसा, जेवणाबरोबर.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फलक चिकटविण्याचे काम चालू असता मुलगी एक कागद घेऊन आली. आईचे हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले होते. दोघी मैत्रिणींनी तो कागद फलकाच्या मध्यभागी लावावयास घेतला. तिने तो काढून घेतला.

"एकाच माणसाचे आहे," ती म्हणाली. "आणि चहा सोडला, कॅल्शियम वेगळे केले, लिंबू सुरू केले, सगळे एकदम झाले. कशाने वाढले ते आपल्याला माहीत नाही."

तिने तो घडी घालून दप्तरात ठेवला. परीक्षकांनी बक्षीस सौरचुलीला दिले. सौरचूल खरोखरच चांगली होती.

त्या रविवारी आम्ही प्रवचनाच्या शेवटी ९१९ वे कलम सोप्या मराठीत सांगितले, आणि सायंकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. देवळाच्या पायऱ्यांवर बोललेले शब्द परत घ्यावयाचे होते. ते बोलण्यास आम्ही कसाबसा आरंभ केला, परंतु बाईंनी आम्हांस खुर्चीवर बसवून वाक्य पुरे होऊ दिले नाही. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या, पेला आमच्या पुढ्यात ठेवला, आणि मग काही आठवल्यासारखे करून तो पुन्हा उचलून हातातच धरला.

"फादर," त्यांनी विचारले, "तुमची गोळी कधीची असते?"